चौथा ठोका

मंगळवारी संध्याकाळी लीड्समधल्या एका छोट्या लायब्ररीच्या वरच्या मजल्यावर आमचा वर्ग भरतो. जुनी इंग्रजी कविता मोठ्यानं वाचायची, एवढंच. आम्ही अकरा जण. बहुतेक निवृत्त झालेले. एक नर्स कामावरून परस्पर येते. एक तरुण मुलगा येतो, तो कधीच काही बोलत नाही. रेडिएटरवर ओले कोट टाकलेले असतात आणि खोलीभर ओल्या लोकरीचा वास असतो. डिसेंबरातल्या एका मंगळवारी शिकवणाऱ्या बाईंनी फळ्यावर एकच ओळ लिहिली. चौदाव्या शतकाच्या अखेरीची, 'सर गवेन अँड द ग्रीन नाइट' या कवितेतली. भर हिवाळ्यात एकटाच घोड्यावर निघालेला गवेन रात्री उघड्या खडकांत झोपतो, त्या जागची. बाई म्हणाल्या, "मी वाचते. जिथे जोर पडेल तिथे टेबलावर ठोका द्या. विचार करू नका." आणि त्यांनी वाचलं : 'नेअर स्लेन विथ द स्लीट, ही स्लेप्ट इन हिज आयर्न्स.' गारठ्याच्या माऱ्यानं अर्धमेला होऊन तो चिलखतातच झोपला. दहा जणांची बोटं एकदम पडली. स्लेन. स्लीट. स्लेप्ट. आयर्न्स. माझं बोट मात्र 'नेअर'वर पडलं होतं, मग 'विथ'वर, आणि पुढे कुठे कुठे पडलं ते मलाही कळलं नाही. कुणी काही म्हटलं नाही. बाईंनी फक्त माझ्या हाताकडे पाहिलं आणि ओळ पुन्हा वाचली. दुसऱ्या खेपेला मी ठोका दिलाच नाही. बोट टेबलाच्या जरासं वर धरून बसले.

ते वर धरलेलं बोट पुढे कितीतरी दिवस माझ्या डोळ्यांसमोरून हललं नाही.

त्या रात्री बसमधून घरी येताना बाहेर नेमकं तेच पडत होतं, कवितेतलं 'स्लीट'. मराठीत याला मला कधी एक शब्द सापडला नाही. पाऊस म्हणावा तर काचेवर टिकून राहतं, बर्फ म्हणावा तर हातात घेईपर्यंत पाणी होतं. बावीस वर्षं मी या देशात आहे. नोकरी इंग्रजीत केली, भांडणं इंग्रजीत केली, डॉक्टरांना दुखणी इंग्रजीत सांगितली. भाषा येत नाही असं मला कधी कुणी म्हटलेलं नाही. आणि तरी एका ओळीत ठोका कुठे पडतो हे शेजारी बसलेल्या, शाळा पंधराव्या वर्षी सोडलेल्या आजोबांना आपसूक कळलं आणि मला नाही. काचेवर बोटानं पुन्हा पुन्हा प्रयत्न करत राहिले. मग लक्षात आलं, की माझं बोट ठोका देतच नव्हतं. ते मोजत होतं. बाबा मोजायचे तसं. संध्याकाळी दिवा लावून झाला की बाबा श्लोक म्हणून घ्यायचे आणि अंगठ्यानं बोटांच्या पेरांवर लघू-गुरू मोजत जायचे. अक्षर चुकलं की अंगठा त्या पेरावर थांबायचा. ते काही बोलायचे नाहीत, आपल्यालाच कळायचं. माझ्या कानाची सगळी शिकवण त्या पेरांवर झालेली. मराठी शब्द मला फरशीसारखा वाटतो, प्रत्येक अक्षरावर पाय सारखाच टेकतो. इंग्रजी शब्द म्हणजे ओढ्यात टाकलेले दगड. एका दगडावरून दुसऱ्यावर उडी, आणि मधल्या पाण्याचा हिशेब कुणी ठेवत नाही.

शाळेत अनुप्रास शिकलो तो अलंकारांच्या धड्यात. एकाच अक्षराची पुनरावृत्ती झाली आणि त्यातून नाद निर्माण झाला की अनुप्रास, शब्दालंकार, दोन गुण. अलंकार म्हणजे दागिना. अंगावर असला तर शोभा, काढून डबीत ठेवला तरी माणूस आहे तसाच. या जुन्या इंग्रजी कवितेकडे मी तीच डबी घेऊन गेले होते आणि म्हणूनच चुकले. इथे तो दागिना नाही, तुळई आहे. ती काढली तर छप्पर खाली येईल. ओळ मधोमध दुभंगलेली असते. अलीकडे दोन जोराचे शब्द, पलीकडे दोन. पलीकडच्या अर्ध्यातला पहिला, म्हणजे एकूण तिसरा, तो मालक. तो ज्या ध्वनीनं सुरू होईल त्याच ध्वनीनं अलीकडच्या दोघांपैकी एकानं तरी सुरू व्हायचं, जमलं तर दोघांनी. आणि चौथ्यानं तसं व्हायचं नाही. जोराच्या शब्दांमध्ये हलकी अक्षरं किती यावीत याला बरीच मोकळीक. ओळीच्या शेवटी यमक नाही. आणखी बारकावे आहेत : सगळे स्वर एकमेकांशी जुळतात, 'अ'ची 'ओ'शी सोयरीक चालते, पण 'स्ट'ला 'स्ट'च लागतो, नुसता 'स' चालत नाही. हे अगदी जुन्या कवितेचे नियम. पुढे काही शतकांनी गवेनच्या कवीच्या काळात ते बरेच सैलावले, तो कधी एका ओळीत चार-पाच शब्दही गुंफतो. पण कणा तोच राहिला. स्लेन, स्लीट, स्लेप्ट. आणि मग 'आयर्न्स', मोकळा. चिलखताचं लोखंड एकटंच थंड पडून राहिलेलं.

मला सगळ्यात जास्त तो चौथा शब्द आवडायला लागला. तीन वेळा दारावर थाप, आणि चौथ्यांदा दार उघडतं.

जानेवारीत वर्गाला सुट्टी होती तेव्हा मी व्हिटबीला जाऊन आले. समुद्राकाठचं गाव. गल्ल्यांमधून धुरावलेल्या माशांचा वास. वर मठाकडे जायला १९९ पायऱ्या, आणि त्या दिवशी वारा असा, की कठडा सोडला तर उभं राहता येईना. टेकडीवर मठाचे जे उंच भग्न कमानदार अवशेष दिसतात ते नंतरच्या शतकांतले आहेत. मला जो मठ पाहायचा होता तो त्याच जागी सातव्या शतकात होता, ६५७ साली स्थापन झालेला, हिल्ड नावाच्या मठाधिपती बाईंचा. त्याचं आता वर काहीच नाही. चर्चच्या आवारात १८९८ साली उभारलेला एक उंच दगडी क्रूस आहे, कॅडमनच्या नावाचा. कॅडमन मठातला गुराखी. जेवणं झाली की लोक बसायचे, वीणेसारखं वाद्य हातोहात फिरायचं आणि ज्याच्या हातात येईल त्यानं गायचं. वाद्य आपल्याकडे सरकताना दिसलं की कॅडमन उठून बाहेर जायचा. एका रात्री असाच उठून गोठ्यात गेला, कारण त्या रात्री गुरांची राखण त्याच्याकडे होती. तिथे त्याला झोप लागली. स्वप्नात कुणीतरी नावानं हाक मारली, "कॅडमन, मला काहीतरी गाऊन दाखव." तो म्हणाला, "मला गाता येत नाही, म्हणून तर उठून आलो." "तरीही तुला गायचंय." "काय गाऊ?" "सृष्टीचा आरंभ गा."

या कथेत मी दरवेळी अडकते ती स्वप्नाच्या आधी, वाद्य हातोहात जवळ येतंय तिथे. आमच्या वाड्यात दिवे गेले की गाण्याच्या भेंड्या सुरू व्हायच्या. काळोखात 'म' यायचा, 'म'वरून गाणं, मग शेवटचं अक्षर पुढच्याकडे. माझी पाळी दोन माणसांवर आली की मला तहान लागायची. मी स्वयंपाकघरात जाऊन माठाशी उभी राहायची, ओल्या मातीचा गार वास घेत, आणि माझं अक्षर दुसऱ्या कुणावर तरी जाईपर्यंत पाणी पीत राहायची. गाणी येत होती. त्या अक्षरानं सुरू होणारं गाणं नेमक्या त्या वेळी जिभेवर यायचं नाही, एवढंच. टेकडीवर त्या वाऱ्यात उभी असताना मला वाटलं, गोठ्यातलं ते अंधारं ऊबदार गवत मला माहीत आहे.

ही गोष्ट आपल्यापर्यंत आली ती बीड नावाच्या मठवासी इतिहासकारामुळे. त्यानं ७३१ साली आपला लॅटिन इतिहास पुरा केला, त्यात ती आहे. कॅडमनला लिहिता-वाचता येत नव्हतं. लोक त्याला धर्मग्रंथातली कथा वाचून दाखवत आणि तो ती मनात घोळवून कविता करून परत आणी. बीडनं त्याला रवंथ करणाऱ्या जनावराची उपमा दिली आहे, आणि गुराख्याला याहून जवळची उपमा मला सुचत नाही. पण बीडनं आणखी एक गोष्ट केली. कॅडमननं त्या स्वप्नात गायलेली ती पहिली नऊ ओळींची कविता त्यानं मूळ इंग्रजीत दिली नाही, लॅटिनमध्ये तिचा आशय दिला. आणि लगेच लिहून ठेवलं, की हा नुसता अर्थ आहे, शब्दांचा क्रम नव्हे, कारण कविता कितीही चांगली असो, एका भाषेतून दुसरीत शब्दशः नेली की तिचं सौंदर्य आणि तिची प्रतिष्ठा कमी होते. तेराशे वर्षांपूर्वीचं हे वाक्य वाचताना त्याच्या आवाजातली हळहळ ऐकू येते. त्याच्या पुस्तकाच्या नकला करणाऱ्यांनाही ते सहन झालं नसावं. आज सेंट पीटर्सबर्गमध्ये असलेल्या एका फार जुन्या प्रतीत पानाच्या तळाशी, समासात, कुणीतरी मूळ इंग्रजी ओळी लिहून ठेवल्या आहेत. नंतरच्या प्रतींमधल्या रूपात त्या साधारण अशा ऐकू येतात : 'नू शुलोन हेरियान, हेओवनरीचेस वेआर्द, मेओतोदेस मेआख्ते, ऑन्द हिस मोदयेथान्क.' आता आपण स्वर्गराज्याच्या रक्षकाची स्तुती करायची, विधात्याच्या सामर्थ्याची, त्याच्या मनातल्या संकल्पाची. पहिल्या ओळीत 'ह', दुसरीत 'म'. मुख्य पानावर भारदस्त लॅटिन, आणि खाली बारीक अक्षरात गुराख्याचे ठोके.

खरं तर यातलं जे काही उरलं आहे ते असंच, कडेकडेनं उरलं आहे. 'बेओवुल्फ' ही ३१८२ ओळींची कविता आज फक्त एका हस्तलिखितात आहे. ते सुमारे १००० सालचं. २३ ऑक्टोबर १७३१ च्या रात्री लंडनला वेस्टमिन्स्टरमधल्या अ‍ॅशबर्नम हाउसला आग लागली. रॉबर्ट कॉटन यांनी शतकभर आधी जमवलेला ग्रंथसंग्रह तिथे ठेवलेला होता. लोकांनी खिडक्यांमधून पुस्तकं बाहेर फेकली. बेओवुल्फ वाचलं, पण कडा करपल्या, आणि मग ज्यानं ज्यानं ते हाताळलं त्याच्या बोटांखाली त्या कडा झडत राहिल्या. १७८७च्या सुमारास थॉर्केलिन नावाच्या आइसलँडच्या विद्वानानं एक नक्कल करवून घेतली आणि दुसरी स्वतः केली. तेव्हा दिसत असलेली आणि नंतर गळून पडलेली कितीतरी अक्षरं आज केवळ त्या नकलांमुळे माहीत आहेत. गवेनचं एकमेव हस्तलिखितही त्याच संग्रहात होतं. ते बचावलं, आणि तरीही १८३९ पर्यंत कुणी छापलं नाही. मी लंडनला ब्रिटिश लायब्ररीत बेओवुल्फ पाहिलंय. मंद दिव्याखाली काचेच्या पेटीत एक उघडं पान, भोवती नव्या कागदाची चौकट, आणि त्या चौकटीत बसवलेलं ते तपकिरी, कडा खाल्लेलं कातडं. भाजलेल्या पापडाची कड असते तसं. वाचता आलं फार थोडं. पण मी पेटीच्या काचेवर हात ठेवून उभी राहिले आणि पहारेकऱ्यानं नम्रपणे तो काढायला सांगितला.

एक्सेटरच्या पुस्तकाचं मला याहून जास्त वाटतं. तिथले पहिले बिशप लिओफ्रिक १०७२ साली वारले. त्यांनी चर्चला दिलेल्या पुस्तकांतलं ते एक. एकाकी भटक्याची, समुद्रावर थंडीनं पाय बधिरलेल्या खलाशाची अशी दुःखं त्यात आहेत, आणि नव्वदहून अधिक कोडी. त्याच्या पहिल्या पानांवर सुरीचे वार आहेत. कुणीतरी त्यावर काहीतरी कापलं आहे. वर ओल्या भांड्याचा गोल डाग आहे. शेवटच्या पानांतून जळतं काहीतरी आरपार गेलं आहे. त्याच पुस्तकात एक कोडं आहे, कसरीचं. तिनं शब्द खाल्ले, कुणा माणसाचं गाणं अंधारात गिळलं, आणि चोर शब्द गिळूनही तसूभर शहाणा झाला नाही. आमच्या वर्गात हे कोडं वाचलं तेव्हा तो न बोलणारा मुलगा पहिल्यांदा बोलला. म्हणाला, "पुस्तकाला माहीत होतं."

या वर्गात मी मराठीत काही ओळी आणून पाहण्याचा प्रयत्न करते आहे. मॉल्डनच्या लढाईवरच्या कवितेपासून सुरुवात केली. ९९१ साली एसेक्सच्या किनाऱ्यावर व्हायकिंगांशी झालेल्या लढाईत इंग्रजांचा सरदार बिर्थनॉथ पडला. त्याचे काही लोक पळाले, काही उभे राहिले. त्या उभ्या राहिलेल्यांतला म्हातारा बिर्थवोल्ड ढाल उचलून बोलतो. या कवितेचं मूळ हस्तलिखित त्या आगीत पूर्ण जळालं. थोडीच वर्षं आधी एकानं नक्कल करून ठेवली होती म्हणून ३२५ ओळी आपल्या हाती आहेत, सुरुवात आणि शेवट नसलेल्या. म्हाताऱ्याचे शब्द : 'हिये शेआल थे हेआर्द्रा, हेओर्ते थे केन्रे, मोद शेआल थे मारे, थे उरे मॅयेन ल्युत्लाथ.' आपलं बळ जसजसं कमी होत जाईल तसतसं मन अधिक कणखर, काळीज अधिक धीट, हिंमत अधिक मोठी व्हायला हवी. 'ह' तीनदा, 'म' तीनदा, आणि सगळ्यात शेवटचा शब्द, जो कशाशीच जुळत नाही, त्याचा अर्थ 'कमी होतं'. मी मराठीत लिहिलं : 'काळीज कणखर करा, कंबर कसा.' मोठ्यानं वाचलं आणि खोडलं. भिंतीवर रंगवलेल्या घोषणेसारखं वाटलं. मराठीत ओळीला अशी अक्षरं मुद्दाम लावली की आपला कान सावध होतो, आता भाषण होणार किंवा कुणीतरी काहीतरी विकणार असं त्याला वाटतं. तिकडे म्हाताऱ्याच्या तोंडी ते साधं बोलणं आहे, आणि माझ्या ओळीत ते टाळीसाठी थांबलेलं आहे. एकवीस वेळा लिहून पाहिलं. शेवटी अनुप्रास सोडून दिला आणि नुसता अर्थ लिहिला, बीडनं केलं तसा. त्या रात्री मला फार रिकामं वाटलं.

या कवींना शब्दांचा साठा तरी केवढा लागत असेल. दर ओळीचा ध्वनी वेगळा, म्हणून 'माणूस' म्हणायलासुद्धा प्रत्येक अक्षराचा वेगळा शब्द जवळ हवा. गवेनच्या कवीकडे ते आहेत : बर्न, फ्रेक, गोम, हाथेल, लीद, रेंक, शाल्क, सेग, तुल्क. 'ब'ची ओळ असेल तर बर्न, 'स'ची असेल तर सेग. सगळ्यांचा अर्थ माणूस किंवा योद्धा. आज इंग्रजी बोलणाऱ्या कुणालाही यातला एकही शब्द सांगून कळणार नाही. मी वहीत त्यांची यादी केली आहे आणि कधीकधी ती नुसती वाचते, गाव धरणाखाली गेल्यावर घरांची नावं वाचावीत तशी. शब्द आधी गेले की छंद आधी गेला, मला सांगता येणार नाही. बहुधा एकमेकांचा हात धरून गेले. फ्रान्सकडून आलेलं यमक आणि अक्षरं मोजून केलेली ओळ दरबारात रुजली होती. चौदाव्या शतकातला कवी चॉसर, त्याच्या कथांमधला धर्मोपदेशक तर स्पष्टच सांगतो, मी दक्षिणेकडचा माणूस, मला ते अक्षराअक्षरानं 'रम, रॅम, रफ' करता येत नाही. त्याच शतकात विल्यम लँगलंड मॉल्व्हर्नच्या टेकड्यांवर मे महिन्याच्या सकाळी झोपी गेलेल्या माणसाचं स्वप्न याच छंदात लिहीत होता. 'इन अ सोमर सेसॉन, व्हान सॉफ्त वॉस द सोन.' उन्हाळ्याच्या दिवसांत, सूर्य कोवळा असताना. त्याच्या कवितेच्या पन्नासहून जास्त हस्तप्रती आजवर टिकल्या आहेत, म्हणजे लोकांना ती हवी होती. पण सोळाव्या शतकाच्या सुरुवातीनंतर असं लिहिणारं जवळजवळ कुणी उरलं नाही.

कवितेत उरलं नाही, बोलण्यात मात्र राहिलं. ठोक्यांच्या त्या प्रसंगातले माझ्या शेजारचे आजोबा, सुतारकामात आयुष्य घालवलेले, सहज बोलताना म्हणतात 'हेल अँड हार्टी', 'हाउस अँड होम', 'किथ अँड किन'. इथल्या लग्नात शपथ घेतात तीही 'टु हॅव अँड टु होल्ड'. बेओवुल्फमध्ये म्हातारा राजा रात्रीसाठी आपला सभामंडप त्या परक्या वीराच्या हवाली करतो तेव्हा हेच दोन शब्द म्हणतो, 'हावा नू ऑन्द येहेआल्द', घे आणि सांभाळ. हजार वर्षं झाली, नवरानवरी तेच म्हणताहेत. हे कळल्यापासून मी आईचं बोलणं वेगळं ऐकायला लागले. दर रविवारी फोन असतो. पैपाहुणे, सडासारवण, भाजीभाकरी, दूधदुभतं, मानमरातब, काळंकुट्ट, गोरंगोमटं. तिच्या प्रत्येक वाक्यात अशी एक तरी जोडी हातात हात घालून जाते. हे दागिने आहेत असं आता मला म्हणवत नाही. ही गाठ आहे, शब्द निसटून जाऊ नयेत म्हणून मारलेली. माझ्या त्या घोषणेत नव्हतं ते इथे होतं, आणि मी ते शोधायला एवढ्या लांब आले होते.

फेब्रुवारीच्या वर्गात बाईंनी लोहारांची कविता दिली. नॉर्विचच्या मठातल्या एका पुस्तकात पंधराव्या शतकात कुणीतरी मागाहून लिहून ठेवलेल्या बावीस ओळी. कवीचं नाव नाही. रात्री लोहारांच्या आवाजानं झोप न लागणाऱ्या माणसाची ती तक्रार आहे. 'स्वार्त स्मेकेद स्मेथेस, स्मातेरेद विथ स्मोक, द्रीव्ह मी तो देथ, विथ देन ऑफ हेअर दिंतेस.' धुरानं काळवंडलेले लोहार आपल्या घावांच्या गोंगाटानं मला मारून टाकताहेत. पुढे सगळं येतं : मेंदू फुटेस्तोवर भाते फुंकणं, 'कोल, कोल' म्हणून कोळशासाठी ओरडणं, बैलाच्या कातड्याचे पुढे बांधलेले पदर, एक म्हणतो 'हफ पफ', दुसरा म्हणतो 'हॅफ पॅफ', आणि मग नुसते हातोडे, 'तिक तॅक, हिक हॅक, तिकेत तॅकेत, तिक तॅक, लस बस, लास दास'. शेवटी तो शाप देतो, की या पाणी जाळणाऱ्यांमुळे रात्री कुणाला विश्रांती म्हणून नाही. पाणी जाळणारे, कारण लाल लोखंड पाण्यात बुडवतात. ज्याला झोप येत नाही तो इतकं बारकाईनं ऐकतो.

रविवारी आईला फोन लावला तेव्हा ते पान समोरच होतं. आई पुण्याच्या कसब्यातली. तिचं माहेर तांबट आळीच्या तोंडाशी, तिचं बालपण बंब, घंगाळं आणि हंडे ठोकण्याच्या आवाजात गेलं. ती सांगते, की नुसत्या आवाजावरून तिला कळायचं, पत्रा ताणताहेत की मठार करताहेत, म्हणजे तयार भांड्यावर बारीक चकचकीत ठोके उठवताहेत. मोठ्या भांड्याला दोघं बसायचे. एकाचा ठोका पडला की दुसऱ्याचा त्याच्या मधल्या जागेत. सकाळी आवाज सुरू झाला नाही की घरातली मोठी माणसं विचारायची, आळीत कोण गेलं? उन्हाळ्यात तांबट पक्षी टुक-टुक करायला लागला की आई अजून हातातलं काम थांबवते. म्हणून मी तिला म्हटलं, "आई, तुला एक इंग्रजी ऐकवू का? कळणार नाही, नुसतं ऐक." ती म्हणाली, "वाच."

मी वाचलं. सावकाश, वर्गात शिकवतात तसं. दुसऱ्या बाजूनं काही आवाज नाही. मला वाटलं फोन तुटला. मग ती म्हणाली, "हे रात्रीचं काम आहे ना ग?"

"हो. तुला कसं कळलं?"

"चिडलेलं वाटतंय वाचणारं. आणि दोघं आहेत. एक जड हाताचा आहे." मग थोड्या वेळानं, "ते कोल कोल काय?"

"कोळसा."

"हं. मला वाटलंच, मागताहेत काहीतरी. पुन्हा वाच, पहिल्यापासून."

मी पुन्हा सुरुवात केली. या वेळी फोनमधून बारीक आवाज यायला लागला. ती बहुधा अंगठीनं स्टीलच्या पेल्यावर टिचकी मारत होती. मी 'स्वार्त' म्हटलं, 'स्मेथेस' म्हटलं, आणि माझंही बोट टेबलावर होतं हे मला तेव्हाच दिसलं. पण आईची टिचकी माझ्या ठोक्यांवर येत नव्हती. दर दोन ठोक्यांच्या मधल्या जागेत येत होती, नेमकी, एकदाही न चुकता.

"आई, तू मधे मारतेस."

"मग? दोघं आहेत ना. तू वाच पुढे."